दा नांगची तोंडी परीक्षा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला मराठी सगळं कळतं. 'सगळं कळतं' हे जर्मनीतले मराठी आईबाप ज्या घाईनं सांगतात, त्यावरूनच ओळखावं की पोर बोलत नाही. आमचीही बोलत नव्हती. काय वाढू असं मराठीत विचारलं की उत्तर जर्मनमध्ये. मराठीत रागावलं की उलट उत्तर जर्मनमध्ये, आणि तेही व्याकरणशुद्ध. मी आणि माझा नवरा कायझर्सलाउटर्नला शिकायला आलो आणि इथंच नोकऱ्यांना चिकटलो. दिवसभर ऑफिसात जर्मन आणि इंग्रजी, संध्याकाळी घरी दमलेलं मराठी, त्यातही दर दोन वाक्यांमागे 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एवढंच असतं तर मी ते पचवलं असतं. पण साताऱ्याला माझ्या आईला मी सांगून ठेवलं होतं की नात छान मराठी बोलते.

ठरवून खोटं बोलले नव्हते. बाबा गेले त्या वर्षी आई फोनवर गप्प गप्प असायची. एकदा तिला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, अगं, आज पोरगी म्हणाली, आजीला सांग मी लवकर येते. आई इतकी खुलली की मला ते खोटं पुढं निभावणं भाग पडलं. मग दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी आमच्याकडे तालीम सुरू झाली. आधी नुसतं पाठांतर, मग तिला वाचता यायला लागल्यावर लॅपटॉपच्या मागे भिंतीवर मी चिठ्ठ्या चिकटवायची. लेकीला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत: आजी, कशी आहेस. मी मजेत. हो, जेवले. शाळा छान चाललीय. आई विचारायचीही नेमकं तेच. तिनं कधी वेगळा प्रश्न काढलाच, तर मी कॅमेरा बंद करून 'नेट गेलं ग' म्हणायची. जर्मनीतलं इंटरनेट वाईट असतं यावर आईचा अजूनही विश्वास आहे, आणि त्याला मी जबाबदार आहे.

अशी पाच वर्षं गेली. मधे कोविड झाला, मग माझी नोकरी बदलली, मग काही ना काही. लेक चार वर्षांची असताना आईनं तिला शेवटची जवळून पाहिली होती. आई आता एकाहत्तर वर्षांची, गुडघे धरलेले. यंदा ती म्हणाली, मला पोरीला एकदा मांडीवर नाही तरी शेजारी बसवायचंय, तू कसंही जमव. तिच्या जर्मनीच्या व्हिसासाठी अपॉइंटमेंट मिळेना. मग आम्हीच भारतात जायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण साताऱ्याला गेलं की मामा, मावश्या, आत्या, शेजारी धरून तीस माणसं पोरीला घेरणार आणि बोल बोल म्हणणार. तीस माणसांसमोर पितळ उघडं पडण्यापेक्षा एकट्या आईसमोर पडलेलं परवडलं. झाकली मूठ जितकी झाकता येईल तितकी बरी. मी सुट्टीचं कारण पुढं केलं आणि म्हटलं, आई, अर्धं तू ये, अर्धं आम्ही येतो, मधे कुठंतरी समुद्रावर भेटू.

मधे कुठं, हे आमच्या स्टेशनजवळच्या व्हिएतनामी दुकानात ठरलं. ताजी कोथिंबीर आणि तिखट मिरची गावात तिथंच मिळते. दुकानवाल्या बाई दा नांगच्या. समुद्रकाठचं मोठं शहर, त्यांचं माहेर. त्यांना आईचं सांगितलं, ती शाकाहारी आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तिथंच जा. पौर्णिमा-अमावस्येला आमच्याकडची निम्मी माणसं मांस खात नाहीत, तुमची आई उपाशी राहणार नाही. बिलाच्या लांब कागदामागे त्यांनी जर्मनमध्ये यादी लिहून दिली. बघायला संगमरवराचे डोंगर, वर लिफ्टनं जायचं आणि उतरायचं पायी. सोन त्रा नावाच्या टेकडीवरची समुद्राकडे बघणारी पांढरी देवीची मूर्ती. शनिवारी-रविवारी तोंडातून आग आणि पाणी फेकणारा ड्रॅगनचा पूल, पण पाण्याच्या बाजूला उभं राहायचं नाही. खायला 'मी क्वांग' नावाच्या पिवळ्या शेवया, बान्ह सेओ आणि अव्होकाडोचं आइस्क्रीम. आणि खाली दोन रेघा मारून: समुद्र फक्त पहाटे. सातनंतर तिथं तुमच्यासारखेच लोक असतात, असं त्या तोंडी म्हणाल्या. बाई स्पष्टवक्त्या आहेत.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही निघालो. लोक विमानात सिनेमे बघतात, मी लेकीकडून नवी वाक्यं घोकून घेत होते. 'आजी, तुला पाहून खूप आनंद झाला.' ती बिचारी डोळे मिटून पुटपुटत होती. नवरा पलीकडून म्हणाला, आईंना आधीच फोनवर सांगून टाकलं असतंस तर? मी त्याला म्हटलं, तू झोप. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. आई एवढे गुडघे ओढत दुसऱ्या देशात येणार ती नातीशी गप्पा मारायला, आणि तिथं तिला कळणार की गप्पा मारायला नात नाहीच, आहेत त्या माझ्या चिठ्ठ्या. आईचं मन मोडणार होतं आणि मोडणारी मी होते.

विमानतळावर पहिला अंक उत्तम झाला. आई हनोईला विमान बदलून व्हीलचेअरवर बसून आली, मांडीवर पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी. लेकीनं पुढं होऊन विमानात घोकलेली वाक्यं न अडखळता म्हटली. आईच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, किती शुद्ध बोलते ग, तुझ्यापेक्षा. नवऱ्यानं तेवढ्यात सगळ्या बॅगा उचलल्या आणि टॅक्सी शोधायला गेला. त्याला असल्या वेळी फार कामं आठवतात.

दुसऱ्या दिवशी संगमरवराचे डोंगर. पायथ्याशी दगडी मूर्ती घडवणाऱ्यांची दुकानं, दारात माणसापेक्षा उंच सिंह आणि बुद्ध उभे. डोंगराच्या पोटात एक गुहा आहे, तिथं त्यांचा नरक मांडलाय. पाप्यांची जीभ ओढताहेत, कुणाला उकळताहेत. आईला हे सगळं ओळखीचंच. ती खूश होऊन प्रत्येक मूर्तीपाशी थांबत होती, हा चोर असणार, हा खोटं बोलणारा. मी आपली खाली बघून चालत होते. बाहेर उजेडात आल्यावर आईनं लेकीला जवळ घेऊन विचारलं, "घाबरलीस का ग?"

लेक म्हणाली, "मी मजेत."

आई हसली. तिला वाटलं, पोर विनोद करतेय. मग तिनं विचारलं, यातलं तुला काय आवडलं सगळ्यात? लेकीनं माझ्याकडे बघितलं. भिंत नव्हती, चिठ्ठी नव्हती, नेटही जाण्यातलं नव्हतं. तिनं होतं नव्हतं ते अवसान गोळा केलं आणि म्हणाली, "शाळा छान चाललीय."

आईचं हसू हळूहळू उतरत गेलं. तिनं पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भराभर काहीतरी बोलले. ती दमलीय, झोप झाली नाही, ऊन लागलं. जेवायला एका शाकाहारी खानावळीत गेलो. 'मी क्वांग' म्हणजे हळदीनं पिवळ्या केलेल्या रुंद शेवया, थोडासाच रस्सा, वर भाजलेले शेंगदाणे आणि चुरलेला तांदळाचा पापड. आईला आवडावं असं सगळं त्यात होतं. तिनं ते संपवलंही, पण त्या जेवणात तिनं नातीला एकही प्रश्न विचारला नाही. लेक वाटीत मान घालून बसली होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

हॉटेलवर नवरा म्हणाला, आता तरी सांग. मी म्हटलं, उद्या सांगते. माझं घोडं कायम या 'उद्या'पाशी पेंड खातं.

उद्या उजाडला तो असा. मी सातला उठले तर लेकीचा पलंग रिकामा. शेजारच्या खोलीत आईचाही रिकामा. चपला नाहीत. आईचा फोन उशाशी, म्हणजे फोन करायचीही सोय नाही. खाली काउंटरवरच्या मुलीनं समुद्राकडे बोट दाखवलं. आईला पोहता येत नाही, पोरगी पाण्यात शिरली की भान राहत नाही, आणि दोघींना एकमेकींना 'थांब' म्हणायलाही धड भाषा नाही. मी अनवाणी रस्ता ओलांडून धावले.

किनारा माणसांनी फुललेला. म्हातारे-म्हाताऱ्या कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गप्पा मारताहेत, कुणी वाळूत हातपाय झटकताहेत, कुणी पोहून येऊन अंग पुसतंय. त्या एवढ्या माणसांत मला हिरवं पातळ आणि लाल फ्रॉक काही दिसेना. मी नवऱ्याच्या नावानं ओरडत होते, आईला हाका मारत होते, लेकीला जर्मनमध्ये बोलावत होते. लोक बाजूला होत होते. मेले मी, असं मी मोठ्यानं म्हणाले, हे मला अजून आठवतं.

सापडल्या त्या किनाऱ्यामागच्या गल्लीत. फुटपाथवर एक बाई मोठं पातेलं मांडून बसली होती. पातेल्याच्या तोंडाला कापड घट्ट ताणून बांधलेलं, खाली पाणी उकळतंय, वर त्या कापडावर ती तांदळाचं पीठ पळीनं पातळ पसरत होती. झाकण ठेवायचं, दोन श्वास थांबायचं, मग बांबूच्या काडीनं अख्खा पापुद्रा अलगद उचलायचा. गिऱ्हाइकांच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर आई आणि लेक बसलेल्या, दोघी नखशिखांत ओल्या. आईच्या पातळातून पाणी गळत होतं. आणि लेक बोलत होती.

बोलत म्हणजे किती. हात हलवत, भुवया उडवत, धबधब्यासारखी जर्मन. आजी अजिबात ऐकत नाही, लाटेत कुणी चपलेच्या मागे जातं का, पातळ नेसून पाण्यात जातात का, मी नसते तर काय झालं असतं. मी तिला ज्या सुरात रागावते, हुबेहूब त्या सुरात. आणि माझी आई, जिच्यापुढे माझे मामा तोंड उघडत नाहीत, ती मान खाली घालून म्हणत होती, "बरं बाई, नाही जात परत."

मी कोपऱ्यावर थांबले. पुढं जायचं धाडस होईना. आईनं मग पातेल्याकडे बोट करून लेकीला समजावलं की या आपल्या फेण्या, आम्ही उन्हाळ्यात घालायचो, पण आम्ही ताटलीवर घालायचो आणि वाळवायचो, ही मूर्ख बाई ओल्याच खायला देतेय, आणि चांगल्या लागताहेत. फेण्या घालणाऱ्या बाईला तिनं मराठीतच सांगितलं की कापड जरा सैल झालंय. त्या बाईनं व्हिएतनामीत काहीतरी उत्तर दिलं आणि कापड ताणून बांधलं. पोरीनं बशी पुढं केली आणि आजीला म्हणाली, "मला नॉख आइन पाहिजे." नॉख आइन म्हणजे आणखी एक. आईला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं बोटानं खूण करून आणखी एक मागवली.

मला एकदम हायसं वाटलं. मी तिथं गल्लीतच एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. दुकानदारानं पाण्याची बाटली आणून दिली.

काय झालं होतं ते दोघींनी आपापल्या भाषेत मला सांगितलं. लेकीला वेळेच्या गोंधळानं झोप नव्हती, ती खिडकीत बसलेली. आई सवयीनं साडेपाचला उठली, तिनं नुसतं 'चल' म्हटलं. किनाऱ्यावर अर्धा तास दोघी मुकाट चालल्या. मग लाटेनं आईची एक चप्पल नेली, आई तिच्यामागे गुडघाभर पाण्यात गेली, दुसऱ्या लाटेनं तिला खाली बसवलं. लेकीनं किंचाळून तिला दंडाला धरून ओढलं. तेवढ्यात दोन पोहणाऱ्या बायका आल्या, त्यांनी आईला उभं केलं. आणि मग लेकीच्या तोंडून जे काही निघायला लागलं ते थांबलंच नाही. चप्पल मिळाली नाही. आईनं राहिलेली एक चप्पलही समुद्राला देऊन टाकली.

त्या दिवशी दुपारी आम्ही सोन त्राच्या टेकडीवर गेलो. पांढरी देवी खूप उंच आहे, ती कोळ्यांना सांभाळते म्हणतात. नवरा आणि लेक झाडांत लाल पायांची माकडं दिसतात का बघायला गेले. आई आणि मी सावलीत बसलो. मी सांगायला तोंड उघडलं, चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली. आईनं मला मध्येच थांबवलं.

"मला फसवलंस याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "मी तरी काय, दर रविवारी तेच तीन प्रश्न विचारायची. परदेशातली पोर, तिला माझ्याशी काय बोलावंसं वाटणार, याची मलाही भीतीच होती. पण काल ती मला बघून अंग चोरत होती. माझी भीती तिला कुणी घातली? तू घातलीस. मी काय मास्तरीण आहे का तिची परीक्षा घ्यायला?"

ते अगदी खरं होतं. मी पोरीला मराठी शिकवत नव्हते, मी तिला आजीसमोर चुकायचं नाही हे शिकवत होते. पाच वर्षं तिच्यासाठी आजी म्हणजे दर रविवारची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षेला कोण आपणहून जाईल? मी आईचा हात धरून म्हटलं, चुकलं माझं. आई म्हणाली, चुकलंच. मग पिशवीतून चटणीची पुडी काढून म्हणाली, घे, भूक लागली असेल, सकाळपासून रडतेयस.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा कशाचीच काळजी न करता काढले. मला दुभाष्याचं काम उरलं नाही. बान्ह सेओ आलं तेव्हा आईनं एक घास घेऊन निकाल दिला की हे हळद आणि नारळाचं दूध घातलेलं धिरडं आहे, फक्त कच्च्या पाल्यात गुंडाळून खायचं. लेकीनं तेच मान डोलावून बापाला जर्मनमध्ये समजावलं. बाजारात दोघींनी एका वाटीत अव्होकाडोचं आइस्क्रीम खाल्लं. दोघी टोपलीसारख्या गोल होडीत बसल्या, नावाड्यानं ती गरगर फिरवली आणि आई देवाचं नाव घेत हसत राहिली. ड्रॅगनच्या पुलापाशी, दुकानवाल्या बाईंनी बजावूनही, आम्ही बरोबर पाण्याच्या बाजूला उभे राहिलो. लेकीचं मराठी मोडकंतोडकं यायला लागलं, अर्ध्या वाक्यात जर्मन, चुकांची रास. मी दोनदा दुरुस्त करायला गेले. दोन्ही वेळा आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

आम्ही परत आलो, शाळा सुरू झाली, उन्हाळा संपत आला. आई आता रविवारची वाट बघत नाही, आणि लेकही नाही. कोण कधी कुणाला फोन करतं हे मला ठाऊक नसतं. सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी मी इमारतीच्या तळघरात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. ठेवता ठेवता म्हणाली, आज पोरीला ओरडू नकोस हं.

मी विचारलं, का, शाळेत काही झालंय का?

"झालंय काहीतरी. मला सांगितलंय तिनं, तुला सांगू नको म्हणाली. तसं काळजीचं नाही. तिला वाटलं तर सांगेल तुला."

मी दोरीवरच्या टॉवेलला एक चिमटा लावला. मग न राहवून विचारलं, एवढं सगळं तिनं तुला कुठल्या भाषेत सांगितलं?

आई जरा विचारात पडली. "ते काही आता माझ्या लक्षात नाही बघ," ती म्हणाली. "तिला फार वाईट वाटलं होतं, तेवढं लक्षात आहे."

फोन ठेवून मी बादलीतले उरलेले मोजे दोरीवर टाकले. वर गेले तेव्हा लेक टेबलाशी गृहपाठ करत बसली होती. मी तिला काही विचारलं नाही. तिच्यासाठी दूध गरम करायला ठेवलं.